ठोके सावरणारी गोळी आणि चिठ्ठीवरची रिकामी जागा

आंबेगावच्या पूर्व पट्ट्यातून, लोणी-धामणीकडून येणाऱ्या हृदयरुग्णांच्या औषधांच्या पिशवीत अमिओडॅरोन ही गोळी अनेकदा सापडते. पुण्याच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात ती सुरू झालेली असते. पुढे दोन-तीन वर्षे तीच जुनी चिठ्ठी दाखवून जवळच्या मेडिकलमधून ती आणली जाते. चिठ्ठीवर ‘औषधे चालू ठेवा’ एवढेच असते. कधीपर्यंत आणि कोणत्या तपासण्या करून, ते नसते. माझा आक्षेप गोळीवर नाही, या रिकाम्या जागेवर आहे.

गोळी गुणाची आहे. १९६०च्या दशकात बेल्जियममध्ये ती छातीदुखीवर तयार झाली. ठोक्यांची लय सावरण्याचा तिचा गुण नंतर लक्षात आला. लय सुधारणारी इतर काही औषधे दुबळ्या हृदयाला मानवत नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तेव्हा अशा औषधांनी ठोके सुधारले पण मृत्यू वाढले, हे १९८९ मध्ये उघड झाले. अशा रुग्णांसाठी हाताशी उरते ती बहुधा अमिओडॅरोनच.

पण तिची एक खोड आहे. ती शरीरात मुक्कामाला येते. चरबीत, यकृतात, फुफ्फुसांत साठते आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी काही महिने अंगात राहते. म्हणून गोळी सोडून पंधरा दिवस झाले, काहीच त्रास नाही, असे सांगणारा रुग्ण फसतो. साठा संपल्यावर धडधड परतते, तोवर गोळी सोडल्याचे घरात कोणाच्या लक्षातही नसते.

दुसरी गोष्ट आयोडीनची. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. शरीराची रोजची गरज जेमतेम ०.१५ मिलिग्रॅम. त्यामुळे थायरॉइड मंदावते किंवा उलट भडकते. मंदावली की थकवा, सूज, थंडी वाजणे; घरचे म्हणतात, वय झाले. भडकली की वजन उतरते, हात थरथरतात आणि ज्या धडधडीसाठी गोळी दिली तीच परत येते. कोरडा खोकला आणि वाढता दम हा फुफ्फुसांवरचा परिणाम असू शकतो. तो क्वचित होतो, पण जिवावर बेततो. आपल्याकडे त्याचे खापर धुळीवर फुटते आणि खोकल्याच्या बाटल्या संपत राहतात. कांदाकाढणीला दिवसभर उन्हात राहणाऱ्याची कातडी या गोळीने भाजल्यासारखी होते, हेही सांगायला हवे. पूर्ण बाह्या आणि डोक्याला उपरणे किंवा पदर, एवढे तरी हवेच.

याहून नेहमीचा धोका दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या गाठीचा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांचा जोर अमिओडॅरोनमुळे वाढतो. मात्रा कमी केली नाही तर रक्तस्राव होतो. डिगॉक्सिनची मात्रा तर साधारण निम्मी करावी लागते. तापासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहून देणाऱ्या गावातल्या डॉक्टरांना ही पिशवी दाखवलीच पाहिजे. या जोडीने ठोके घातक पद्धतीने बिघडू शकतात. जुलाबाने पोटॅशियम घटले की हा धोका आणखी वाढतो. आणि ठोके नियमित झाले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने सोडायची नसते. ती पक्षाघात टाळण्यासाठी असते.

उपाय फार खर्चिक नाहीत. गोळी सुरू करताना थायरॉइड, यकृत, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. मग दर सहा महिन्यांनी थायरॉइड व यकृताची रक्ततपासणी, वर्षातून एकदा ईसीजी आणि एक्स-रे. एवढ्यासाठी लोणीच्या म्हाताऱ्या माणसाने पुणे गाठण्याची गरज नाही. तालुक्याच्या पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात हे व्हायला हवे, आणि थायरॉइडची तपासणी जिथे होत नसेल तिथे ती सुरू करणे हे आरोग्य खात्याचे काम आहे. मोठ्या रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डवर तीन ओळी मराठीत लिहाव्यात: गोळी कशासाठी, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, फेरविचार कधी. रुग्णानेही पुढच्या खेपेला ‘ही अजून लागते का?’ असे विचारावे. डॉक्टर रागावतील म्हणून अनेकजण विचारत नाहीत. नाडी ५०च्या खाली गेली, चक्कर आली, दृष्टी अंधुक झाली किंवा दम वाढला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि येताना सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणाव्यात.