५ लाखांचं कार्ड, पण हॉस्पिटल कुठलं?

मावळात आरोग्य कार्डाच्या फ्लेक्सवर नेत्यांचे हसरे फोटो असतात, खाली '५ लाखांपर्यंत मोफत उपचार'. ते कुठल्या हॉस्पिटलात, हे मात्र लिहिलेलं नसतं!

महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगलीच आहे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाची मर्यादा ५ लाख झाली, पांढरं रेशनकार्डवालेही आत आले. जनरल वॉर्डातला बेड, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण, एवढंच काय, घरी परतायचं एसटीभाडंही पॅकेजमध्ये धरलंय. मेख एकच. हे सगळं योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आणि यादीतल्याच उपचारांना.

अंदर मावळातला माणूस मध्यरात्री पेशंट घेऊन निघतो, तेव्हा त्याला ५ लाखांचा आकडा काय करायचाय? वडगावला थांबायचं, तळेगावला न्यायचं की थेट पिंपरी गाठायची, हे त्याला कळायला हवं. चुकीच्या दारात गेला की कार्ड म्हणजे नुसता कागद. मग डिपॉझिट, मग सोनं गहाण.

मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत, रेशन दुकानात, एसटी स्टँडवर योजनेतल्या हॉस्पिटलांची नावं आणि तिथे होणारे उपचार मराठीत लावा. लोणावळा नगरपरिषद, मावळ पंचायत समिती, ऐकताय ना? फोटो जरा लहान करा, जागा आपोआप होईल.

तोवर मंडळी, पैसे भरण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर १५५३८८ लावा. हा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.