रडणाऱ्याला गप्प करू नका



हातोदला असो वा इंदुरात, मयताच्या घरी आपल्यातला कोणीतरी म्हणतोच, "रडू नका, विश्वास ठेवा." रागावलेल्याला सांगतो, "लगेच क्षमा करा." हे सांत्वन नव्हे. त्याचे दुःख आपल्यालाच पाहवत नाही, एवढेच.

लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. त्याचा विश्वास कमी होता काय? राग येणार हे पौलही धरूनच चालतो. त्या रागात पाप करू नका, असे बजावतो. राग प्रभूपुढे ओतायचा तर तो आहे हे आधी कबूल करावे लागते.

आपल्याच भागातले पाहा. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येताना सिस्टर राणी मारिया यांना बसमध्ये भोसकले गेले. त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी मारेकऱ्याला तुरुंगात राखी बांधली ती २००२ साली. सात वर्षांनी! आणि आपण तेराव्या दिवशीच क्षमेचा हिशेब मागतो.

क्षमा प्रभूची आज्ञा आहे, यात वाद नाही. पण ती दुसऱ्याच्या गळी उतरवायची गोळी नव्हे. शेजारी बसा, सोबत रडा, प्रार्थना करा. बाकीचे प्रभू करील. आमेन.