लायसन्स आहे, पण कुठल्या जहाजाचे?



दांडिया बाजार असो की रावपुरा, 'मुलगा मर्चंट नेव्हीत लागला' म्हणून पेढे आले की आपण आनंदाने खातो. खायलाच हवेत. पण मुलाच्या हातातल्या सर्टिफिकेटवर नेमके काय लिहिले आहे, हे त्या घरात कोणी वाचले आहे का? हा प्रश्न विचारला की 'अहो, लायसन्स ते लायसन्स, त्यात काय वाचायचे?' असे उत्तर येते. नेमक्या याच उत्तरावर एजंटांचे बंगले उभे राहिले आहेत!

आमच्याच पोळातल्या एका मुलाची गोष्ट. डिप्लोमा मेकॅनिकल. एका एजंटाने चार लाख घेतले आणि कुठल्याशा छोट्या बेटाच्या देशाचे इंजिनिअरचे सर्टिफिकेट महिन्याभरात हातात दिले. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. मुलगा शारजाला पोहोचला, तेव्हा सप्लाय बोटीच्या मालकाने कागद बघितला आणि सांगितले की आमच्या जहाजाच्या ध्वजाला हा चालत नाही. परतीच्या तिकिटाचेही पैसे नव्हते, म्हणून पोरगा त्याच बोटीवर ऑइलर म्हणून राबला. एजंटाचा फोन आजही लागतो, फक्त तो उचलत नाही.

आता मुद्द्याचे. इंजिनिअरचे लायसन्स जहाजाच्या लांबीवर किंवा टनेजवर चालत नाही, ते चालते इंजिनाच्या ताकदीवर, आणि ती मोजतात किलोवॅटमध्ये. १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराने दोन रेषा आखल्या आहेत. पहिली ७५० किलोवॅटची, म्हणजे साधारण एक हजार अश्वशक्ती. दुसरी ३,००० किलोवॅटची, म्हणजे साधारण चार हजार. पहिल्या रेषेपासून पुढच्या जहाजावर वॉच ठेवायला आपल्याकडे क्लास फोर लागतो. दोन्ही रेषांच्या मधल्या जहाजाच्या चीफ आणि सेकंड इंजिनिअरसाठी वेगळी पात्रता, आणि दुसऱ्या रेषेपासून पुढे आणखी वरची: सेकंडला क्लास टू, चीफला क्लास वन.

एजंट मात्र बोलतो बीएचपीत. 'साडेपाच हजार बीएचपीची छोटी बोट आहे, चीफ म्हणून जा.' हिशेब करा. साडेपाच हजार बीएचपी म्हणजे सुमारे ४,१०० किलोवॅट. रेषा ओलांडली! बोट दिसायला छोटी, पण कायद्याच्या नजरेत मोठी. दुसरी चलाखी अशी की 'इंजिन दोन हजारचेच आहे' असे सांगायचे आणि तशी दोन आहेत हे गाळायचे. करारात सगळ्या मुख्य इंजिनांची बेरीज धरतात, आणि तो आकडा जहाजाच्या नोंदणीपत्रावर असतो. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका, नोंदणीपत्राची प्रत मागा.

याच ठिकाणी एंडॉर्समेंटचे, म्हणजे सर्टिफिकेटवरच्या शेऱ्याचे महत्त्व येते. मोठ्या जहाजावर सेकंड म्हणून पात्र असलेला इंजिनिअर ३,००० किलोवॅटच्या आतल्या जहाजावर चीफ होऊ शकतो, पण सर्टिफिकेटवर तसा शेरा असेल तरच. शेरा नाही तर नाही. ऑफशोअरच्या लहान बोटींवर कितीतरी चीफची नोकरी या एका ओळीवर अवलंबून असते. तसेच एनसीव्ही लिहिलेले सर्टिफिकेट किनारपट्टीजवळच्या प्रवासापुरते, ते घेऊन आखातातल्या परक्या ध्वजाच्या जहाजावर चीफची स्वप्ने बघू नयेत. परक्या ध्वजाचे जहाज असेल तर आपल्या भारतीय सर्टिफिकेटवर त्या देशाची वेगळी मान्यता लागते. अर्ज केल्याचा पुरावा असेल तर जास्तीत जास्त तीन महिने काम करता येते, त्यापुढे नाही. आणि डीपीचा कोर्स हा इंजिनिअरच्या लायसन्सवरचा शेरा नव्हे. कंपनी मागेल तर जरूर करावा, पण 'डीपी केले की लायसन्स वाढते' म्हणणारा माणूस थापा मारतो आहे.

कोणी म्हणेल, हे कागदाचे खेळ, काम येते ना? मग २७ जुलै २००५ आठवा. आदल्याच दिवशी मुंबई पावसात बुडाली होती. बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या स्वयंपाक्याचे बोट कापले. हवा खराब, हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. जहाजाच्या एका थ्रस्टरची तक्रार होती, तरीही जहाज जवळ आणले गेले. माणूस वर गेला आणि जहाज लाटेबरोबर उचलले जाऊन गॅसच्या रायझरवर आदळले. गॅस फुटला, आग लागली, सुमारे दोन तासांत आख्खा प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. २२ माणसे गेली. कोणाच्या लायसन्सवर मी त्याचे खापर फोडत नाही. पण थ्रस्टर ही इंजिनिअरच्या ताब्यातली वस्तू, आणि 'हा चालत नाही, जवळ जाऊ नका' हे कॅप्टनला ठणकावून सांगायला ज्ञान लागते, अधिकार लागतो. विकत घेतलेल्या कागदाचा माणूस ते कोणत्या तोंडाने सांगणार? २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज आणि 'वरप्रदा' टग बुडाले, ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हाही आपण चार दिवस हळहळलो आणि गप्प बसलो.

वडोदऱ्याला समुद्र नाही, म्हणून हा आपला प्रश्न नाही, असे आपले पुढारी समजतात. अहो, ज्या गावात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढून कारागिराच्या मुलाला तंत्र शिकवले, ज्या गावात ओएनजीसीचे मोठे कार्यालय आहे, त्या गावात मुलांना हे सांगणारे एक खिडकीभर केंद्र नाही! सागरमालाचे फलक झाले, २०१७ मध्ये गुजरात मेरिटाइम युनिव्हर्सिटी झाली, भाषणे झाली. एजंटांवर मात्र गुन्हे दाखल करून घ्यायला पालकांना या चौकीतून त्या चौकीत फिरावे लागते. आणि आपले मंडळ? सत्कार, शाली, श्रीफळे. मी स्वतः कार्यकारिणीत होतो, मीही तेच केले.

नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे मुळातच बेकायदा आहे. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेला मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हेच सांगतो. भरती करणाऱ्याकडे सरकारचा आरपीएसएल परवाना हवा, आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. पाच मिनिटांचे काम. पाटल्या मोडण्याआधी ती पाच मिनिटे आपण का देत नाही?

मते मागायला येणाऱ्यांना या वेळी गटार आणि रस्त्याबरोबर हेही विचारा: विनापरवाना एजंटांविरुद्ध पोलिसांत एक नेमलेला अधिकारी देणार का? एम. एस. युनिव्हर्सिटी आणि पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर डीजी शिपिंगचा सर्व्हेअर वर्षातून एकदा आणून उभा करणार का? उत्तर लेखी घ्या. आणि घरात असे सर्टिफिकेट असेल तर ते मंडळाच्या कार्यालयात घेऊन या. किलोवॅटची ओळ, एनसीव्हीची ओळ आणि मुदतीची तारीख आपण एकत्र बसून वाचू. सर्टिफिकेटची मुदत पाच वर्षांची असते.