एकखांबी तंबू

तरुण खेळाडूंचा संघ आकार घेत असतां मोठी रक्कम मोजून एखादा कीर्तिमान खेळाडू आणावा कीं नाहीं? जळगांव-धुळ्याच्या कबड्डी-मंडळांनीं या प्रश्नाचें उत्तर प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामांत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावांत तेलुगू टायटन्सनें पवन सेहरावतसाठीं २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले; पुणेरी पलटणनें इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईस २ कोटी ३५ लाखांस घेतलें. पवनचा संघ २२ पैकीं २ च सामने जिंकून तळाशीं राहिला. पुण्यानें १ मार्च २०२४ रोजीं हरयाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून अजिंक्यपद पटकावलें.

दोघेही खेळाडू थोरच. अंतर होतें तें संघांत. पुण्याजवळ अस्लम इनामदार, मोहित गोयत असे युवा पलटणींत घडलेले तरुण होते. कर्णधारपदही अस्लमकडेच राहिलें. शादलुईनें पकडींचे ९९ गुण मिळविले, पण चढाईचा भार या मुलांनींच वाहिला.

पुढच्याच हंगामांत शादलुई हरयाणाकडे गेला. अजिंक्यपद हरयाणास लाभलें; पुण्यास बाद फेरीही गांठतां आली नाहीं. पाहुण्याचें बळ खरें, पण तें पाहुण्याबरोबर निघून जातें.

म्हणून आमचें मत असें कीं, पाहुणा अवश्य आणावा. मात्र ज्या मुलांनीं वर्षभर मैदान राखलें, त्यांस बाहेर बसवून नव्हे. तसें केल्यास ढाल कदाचित् घरीं येईल, पण मुलें मैदानावर यावयाचीं थांबतील.