दात सरळ करण्याची घाई आणि उशीर

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. आमच्या भागातील एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन जेऊरच्या माझ्या दवाखान्यात आले. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ताप नाही, खोकला नाही. पण बसल्यापासून तिने ओढणीचे टोक तोंडावर धरलेले. वडिलांनी पिशवीतून एक खोके काढून टेबलावर ठेवले.

"डॉक्टरसाहेब, हे जरा बघा. पोरीला बघायला पाव्हणं यायला लागल्यात. दोन जागी दातामुळं नकार आला. मोबाईलवर जाहिरात बघितली, तारा न लावता दात सरळ. पहिला हप्ता भरलाय. आता घरीच तोंडाचा साचा घेऊन पाठवा म्हणत्यात. घ्यावा का?"

मी दातांचा डॉक्टर नाही. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासात दातांच्या वाट्याला फारच थोडे दिवस येतात. तरीही बॅटरी घेऊन तोंड पाहिले. वरचे पुढचे दात थोडे पुढे व एकमेकांवर चढलेले होते. हिरड्या सुजलेल्या, बोट लावताच रक्त येणाऱ्या. आणि वरच्या बाजूचा एक सुळा अजून दुधाचाच होता! एकविसाव्या वर्षी.

तो दात पाहून मी वरमलो, कारण तो मी पूर्वीही पाहिला होता. ही मुलगी अकरा वर्षांची असताना तिची आई तिला तापासाठी घेऊन आली होती. जाता जाता तिने विचारले होते, "डॉक्टर, हिचा ह्यो सुळा काय हालंना. दुसऱ्या बाजूचा पडला." आणि मी औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणालो होतो, "पडेल की! घाई काय आहे?"

वाचकहो, ती चूक माझी होती. म्हणूनच आजचा लेख.

दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते आणि पुढचे दात पडू लागतात. वरचा कायमचा सुळा सर्वसाधारणपणे अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. तो जबड्यात फार वर तयार होतो व लांबचा प्रवास करून खाली उतरतो. शंभरात एखाद-दोघांच्या बाबतीत तो वाट चुकतो आणि टाळूच्या हाडात आडवा-तिरपा अडकून राहतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास दातांचे डॉक्टर हिरडीवर बोट फिरवून सुळ्याचा उंचवटा लागतो का, हे पाहतात. शंका आली तर एक्स-रे काढतात. वेळेत लक्षात आले तर दुधाचा सुळा काढून टाकल्यावर कायमचा अनेकदा आपोआप वाटेवर येतो. पाच मिनिटांचे काम! मी ते त्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले असते तर पुढचे बरेच टळले असते.

मी त्या वडिलांना खोके बाजूला ठेवायला सांगितले आणि मुलीला सोलापूरच्या तज्ज्ञांकडे पाठवले. एक्स-रेमध्ये दिसले ते असे : सुळा टाळूत तिरपा पडलेला आणि त्याचे टोक शेजारच्या दाताच्या मुळाला जवळजवळ टेकलेले. घरी घेतलेल्या साच्यावरून हे कोणाला कसे कळणार? साच्यात दातांचा वरचा भाग तेवढा उमटतो. हाडातले काही दिसत नाही. तसेच पुढचे दात रेटले गेले असते तर त्या शेजारच्या दाताचे मूळ झिजण्याची भीती होती. पाहुण्यांसाठी दात सरळ करायला जावे आणि दातच गमावून बसावे, अशी गत झाली असती.

दात सरळ कसा होतो, हे थोडे समजून घेऊ. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणून उपचाराला सामान्यतः दीड ते दोन वर्षे लागतात. दोन-तीन महिन्यांत सगळे दात सरळ करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. जोर जास्त लावून काम लवकर होत नाही, नुकसान मात्र होते.

हा दाब देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तारांचा. आपल्याकडे त्याला 'क्लिपा लावणे' म्हणतात. प्रत्येक दातावर छोटी टिकली चिकटवून तिच्यातून तार ओवतात. टिकल्या धातूच्या असतात किंवा दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या. अडकलेला सुळा खाली ओढणे, दात फिरवणे, मोठी फट बंद करणे अशा अवघड कामांना बहुधा हाच मार्ग खात्रीचा.

दुसरा मार्ग पारदर्शक अलायनरचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९७ साली 'इनव्हिझलाइन'ची कंपनी काढली आणि हा प्रकार जगभर पसरला. दातांवर बसणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या टोप्यांची ही मालिका असते. आठ-पंधरा दिवसांनी टोपी बदलायची. जेवताना व दात घासताना काढता येते, हा मोठा फायदा. पण दिवसाचे वीस ते बावीस तास ती तोंडात हवी. जो पोरगा चष्मा शाळेत विसरून येतो, त्याच्या हाती ही टोपी देऊन काय होणार? शिवाय खर्च सहसा तारांपेक्षा जास्त. थोडेसे वाकडे दात, समजूतदार माणूस आणि वरचेवर तपासणारा तज्ज्ञ, हे तिन्ही असतील तर अलायनर उत्तम. माझा विरोध अलायनरला नाही. तोंड न पाहता टपालाने होणाऱ्या उपचाराला आहे.

हा विरोध हवेतला नाही. अमेरिकेत २०१४ साली 'स्माईल डायरेक्ट क्लब' नावाची कंपनी निघाली. घरपोच साचा, घरपोच अलायनर. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि अनेक गिऱ्हाइकांचे उपचार अर्धवट राहिले. तिथली ही कथा, तर मोबाईलवर हप्ता भरणाऱ्या आपल्या माणसाने दाद कोणाकडे मागायची?

तेव्हा पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. उपचार करणारे डॉक्टर बी.डी.एस.नंतर याच विषयात एम.डी.एस. झालेले आहेत का? एक्स-रे काढणार का? आणि उपचार संपल्यावर दात पुन्हा मागे जाऊ नयेत म्हणून जी पट्टी वापरावी लागते, ती या खर्चात धरली आहे का? ही पट्टी टाळली तर दोन वर्षांची मेहनत वाया जाते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. त्यावर एक उपाय म्हणजे दंत महाविद्यालये. सोलापूरजवळ केगावला असे महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. शिकवणाऱ्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिथे काम होते आणि खर्च खासगीपेक्षा बहुधा कमी येतो. जेऊरहून महिन्यातून एकदा रेल्वेने जायचे म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडतो, हे मला ठाऊक आहे. पण अर्धवट सोडलेल्या तारा न लावण्यापेक्षा वाईट. टिकल्यांभोवती अन्न अडकून दात किडतात. ज्याला जाणे जमणार नाही, त्याने सुरूच करू नये.

तारा असताना ऊस दाताने सोलायचा नाही, कडक भाकरी तशीच मोडून खायची नाही, भाजलेले हरभरे नकोत. केळी मात्र आपल्या भागात मुबलक, खुशाल खावीत. आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी हिरड्या बऱ्या करायच्या, मग तारा. मिश्री लावणाऱ्यांनी ती आधी सोडायची.

सगळेच वाकडे दात सरळ केले पाहिजेत, असे मी म्हणणार नाही. चावता येते, दात साफ राहतात आणि स्वतःला खटकत नाही, तर तसेच राहू द्यावेत. पण वरचे दात फार पुढे असतील तर खेळताना, सायकलवरून पडताना ते तुटण्याचा धोका जास्त. तिथे उपचार करावा. मूल सात वर्षांचे झाले की एकदा आणि दहाव्या वर्षी पुन्हा एकदा त्याला दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत मुलांना तपासतात, किडलेले दातही पाहतात. त्यांनी पाचवीच्या मुलांच्या हिरडीवरून एकदा बोट फिरवावे, एवढीच माझी विनंती. आणि माझ्यासारख्या डॉक्टरांनी "पडेल की" म्हणणे सोडावे.

त्या मुलीची छोटी शस्त्रक्रिया झाली. टाळूतला सुळा उघडा करून त्याला बारीक साखळी बांधली आहे. तारांच्या आधाराने तो हळूहळू खाली येतो आहे. दर महिन्याला ती सोलापूरला जाते. परवा दवाखान्यात आली तेव्हा ओढणी खांद्यावर होती. वडील म्हणाले, "अजून एक वरीस तरी तारा राहणार. पाव्हण्यांना काय सांगायचं?" ती लगेच म्हणाली, "तारा हायत म्हणून सांगायचं, आण्णा."

मला त्यात भर घालण्यासारखे काही उरले नाही.