विश्लेषण : ऑनलाइन साधनांनी इतिहास-भूगोलाचा तास बदलेल का? रत्नागिरीतील उदाहरणे काय सांगतात?

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, ‘दीक्षा’ ॲप आले, अनेक शाळांत प्रोजेक्टर बसले. तरीही इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राच्या तासाला या साधनांचा उपयोग अनेकदा धड्यावरचा व्हिडिओ दाखवण्यापुरताच होतो. पुस्तकात जे आहे तेच पडद्यावर दिसते. याच साधनांच्या मदतीने मुलांना स्वतःच्या गावाविषयीचे प्रश्न विचारता येतील का, हा खरा मुद्दा आहे. पूर, खाड्या, कातळसडे आणि मोठ्या प्रकल्पांवरचे वाद पाहिलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात तो अधिक महत्त्वाचा ठरतो.

ही साधने कोणती?

त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार तयार शैक्षणिक साहित्याचा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ २०१७ पासून सुरू आहे. बालभारतीची पुस्तकेही पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात.

दुसरा प्रकार मूळ माहितीचा. इस्रोचे ‘भुवन’ आणि ‘गूगल अर्थ’वरील उपग्रह छायाचित्रे, हवामान विभागाच्या पावसाच्या नोंदी, जुनी गॅझेटियर, ग्रामपंचायतींचे आराखडे व खर्च दाखवणारे ‘ई-ग्रामस्वराज’ ही त्याची उदाहरणे. ही साधने शाळेसाठी बनवलेली नाहीत. पहिल्या प्रकारात उत्तर तयार असते, दुसऱ्यात ते शोधावे लागते. सामाजिक शास्त्रांना गरज आहे ती या दुसऱ्या प्रकाराची.

चिपळूणचा पूर वर्गात कसा शिकवता येईल?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याआधी २६ जुलै २००५ रोजीही शहराने मोठा पूर पाहिला होता. मग हा पूर का आला? अतिवृष्टी, खाडीतील भरती, नदीतील गाळ आणि कोळकेवाडी धरणातून सोडले जाणारे पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, यावर बराच वाद झाला. वर्गासाठी हा वाद अडचण नसून उत्तम प्रश्नपत्रिका आहे.

भूगोलाच्या तासाला ‘गूगल अर्थ’वर सह्याद्रीच्या कड्यापासून दाभोळच्या खाडीपर्यंत वाशिष्ठीचा मार्ग पाहता येतो. कडा संपताच उतार कसा कमी होतो आणि शहर नेमके त्या सपाटीवर कसे वसले आहे, हे तिथे दिसते. कोयना नदी पूर्वेकडे जाऊन कराडला कृष्णेला मिळते. मात्र तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणून त्यावर वीज तयार केली जाते आणि शेवटी ते वाशिष्ठीत येते. जलविभाजक ही संकल्पना पाठ करणे वेगळे आणि माणसाने ती ओलांडून आणलेले पाणी आपल्या गावातून वाहते हे नकाशावर पाहणे वेगळे.

इतिहासाच्या तासाला ब्रिटिश काळातील गॅझेटियर उघडता येते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीवरील खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज तो ऑनलाइन वाचता येतो. त्यातून खाडीमार्गे चालणारा व्यापार समजतो. गोवळकोटच्या बंदरापर्यंत एकेकाळी गलबते येत. आज तिथे पाण्याची खोली किती, गाळ कुठून आला, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतील. भाषा इंग्रजी असल्यामुळे शिक्षकांना निवडक उताऱ्याचा मराठी सारांश द्यावा लागेल. शिवाय ही नोंद परकीय राज्यकर्त्यांनी आपल्या कारभारासाठी केलेली आहे, हेही सांगावे लागेल. ‘साधन कोणी, कशासाठी तयार केले’ हे विचारणे म्हणजेच इतिहासाची पद्धत.

नागरिकशास्त्राच्या तासाला पूररेषा समजून घेता येतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांमधील पट्ट्यात निर्बंध असतात. चिपळूणमध्ये या रेषांवरून नाराजी उमटली, गाळ काढण्यासाठी नागरिकांनी उपोषणही केले. घरमालक, व्यापारी, नगर परिषद आणि जलसंपदा विभाग यांची बाजू मुलांनी वर्गात मांडली, तर स्थानिक स्वराज्य संस्थेचा धडा व्याख्येपुरता राहत नाही.

पडद्यावर काय दिसत नाही?

उपग्रह छायाचित्राला मर्यादा असतात आणि रत्नागिरीत त्या ठळक दिसतात. कशेळी, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू आदी ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे १८ मीटर आहे. पण शिल्पांच्या रेषा अरुंद असल्याने मोफत मिळणाऱ्या छायाचित्रांत तिथे बहुतेक वेळा नुसता मोकळा सडा दिसतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या स्थानिक शोधकांना ही शिल्पे सापडली ती सडे पायी तुडवून आणि गावकऱ्यांना विचारून.

सरकारी नोंदींत अशा सड्यांची गणना अनेकदा पडीक जमिनीत होते. बारसूत २०२३ मध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला विरोध झाला, तेव्हा सड्यावर काय आहे हा प्रश्न राज्यभर पोहोचला. रोजगार हवा म्हणणारे आणि जमीन, मासेमारी, वारसा वाचवा म्हणणारे अशा दोन्ही बाजू गावांतच होत्या. नकाशावर रिकामी दिसणारी जागा खरोखर रिकामी असते का, हे तपासायला मुलांना सड्यावर जावे लागेल, गुराख्यांशी आणि आजी-आजोबांशी बोलावे लागेल. तिथे टिपलेले फोटो व आठवणी नकाशावर नोंदवल्या, तर मुले माहितीत भर घालणारी ठरतात. त्यातही पथ्य हवे. असुरक्षित शिल्पांचे नेमके ठिकाण सर्वांसाठी खुले करू नये.

अडथळे कोणते?

पहिला अडथळा वीज आणि नेटवर्कचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागाला तडाखा दिला. त्यानंतर अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती आणि त्याच महिन्यात ‘ऑनलाइन शाळे’ची चर्चा सुरू झाली. डोंगरातल्या वाडीवर पावसाळ्यात नेटवर्क जाणे आजही नवे नाही. त्यावर साधा उपाय आहे. शिक्षकांनी नकाशे व छायाचित्रे आधीच उतरवून, शक्य तर छापून ठेवावीत. प्रत्येक मुलाच्या हाती फोन असण्याची गरज नाही. चौघांत एक छापील नकाशा असला, तर चर्चा अधिक होते.

दुसरा अडथळा परीक्षेचा. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राला ४० आणि भूगोलाला ४० गुणांची लेखी परीक्षा असते, उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. धडे संपवण्याच्या घाईत गावाच्या प्रश्नाला तास मिळत नाही. हे २० गुण इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रकल्पवह्यांऐवजी परिसराच्या एका खऱ्या प्रश्नासाठी वापरता येतील.

तिसरा अडथळा खोट्या माहितीचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा इतिहास मुले शाळेत येण्याआधीच वाचतात. कातळशिल्पांच्या वयाबद्दलही इंटरनेटवर वेगवेगळे आकडे सापडतात आणि अभ्यासकांतही एकमत नाही. दोन संकेतस्थळांवरील दावे शेजारी ठेवून त्यांचा आधार शोधायला लावणे, हा त्यावर वर्गात करता येण्यासारखा सराव आहे.

पुढे काय?

नव्या उपकरणांची खरेदी होत राहील. शिक्षक प्रशिक्षणात मात्र ॲप कसे उघडावे याच्या पुढे जाऊन नकाशा, जुनी नोंद आणि सरकारी आकडा कसा वाचावा, हे यायला हवे. २०२१ च्या पुरावेळी दहावीत असलेली चिपळूणची मुले आज मतदार आहेत. उद्या त्यांच्यापैकी कुणी नदीकाठी घर घेईल, कुणी नगर परिषदेत निवडून जाईल. तेव्हा पूररेषेचा नकाशा त्यांना वाचता आला पाहिजे.