चाक म्हणजे दागिना नव्हे!

मंडळी, ह्या विकांताला जरा भांडायचा मूड आहे. विषय : जुन्या बाईकला जाड टायर आणि ॲलॉय लावायचं वेड.

हल्ली आपल्या आयटीवाल्या जमातीत जुन्या गाड्यांना फार भाव आलाय. आरएक्स १००, येझदी, जुनी बुलेट... छानच आहे. बाबांची किंवा काकांची धूळ खात पडलेली गाडी कोणी बाहेर काढत असेल तर मला आनंदच होतो. पण गाडी घरी आली की पहिला प्रश्न काय? "मागे किती जाड टायर बसेल रे?" ब्रेकचे लायनर किती उरलेत, चेन किती ढिली आहे, चाकाचं बेअरिंग आवाज करतंय का, हे सगळं नंतर. आधी नाना पेठेत चक्कर आणि येताना हातात १००/९०-१८. कारण विचारलं तर दोन : "मागून भारी दिसते" आणि "ग्रिप वाढते".

पहिल्या कारणावर माझं काही म्हणणं नाही. ज्याची त्याची आवड. दुसरं कारण मात्र थाप आहे, आणि ती आपण इंजिनिअर लोक बिनधास्त मारतो ह्याचा मला राग येतो.

जरा आकडेमोड करू. तेवढी तर येते ना आपल्याला? टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळमानाने दोनच गोष्टींवर ठरतं : चाकावरचं वजन आणि टायरमधली हवा. मागच्या चाकावर १०० किलो वजन आणि २८ पीएसआय हवा असेल तर साधारण ५० चौरस सेंटीमीटर रबर जमिनीला टेकतं. टायर जाड केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर टेकणाऱ्या जागेचा आकार बदलतो, आडवा होतो. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. पकड मिळते ती मुख्यतः रबराच्या जातीवरून, त्याच्या वयावरून आणि योग्य हवेवरून. वळणावर तर गंमतच आहे. त्याच वेगाने तेच वळण घ्यायला जाड टायरवाली गाडी जास्त झुकवावी लागते. म्हणजे ज्याच्यासाठी खर्च केला त्याच्या नेमकं उलट!

पुढचा मुद्दा रिमचा. जुन्या १०० सीसी गाड्यांच्या रिम साधारण १.६० ते १.८५ इंच रुंद असतात. १००/९० च्या टायरला किमान २.१५ इंची रिम हवी, खरं तर २.५०. अरुंद रिमवर तो कोंबला की त्याच्या दोन्ही बाजू आत आवळल्या जातात आणि टायर मधून फुगतो. दुकानदार म्हणतो, "साहेब, बसतो." अरे, बसतो तर चाळिशीचा शर्ट छत्तीसच्या माणसालाही! बसणं आणि चालणं ह्यात फरक आहे.

आणि पिकअप? २.७५-१८ टायरचा व्यास साधारण ५९७ मिलिमीटर, १००/९०-१८ चा ६३७. म्हणजे परीघ जवळजवळ पावणेसात टक्क्यांनी वाढला. स्प्रॉकेटला हात न लावता तुम्ही सगळे गिअर पावणेसात टक्क्यांनी लांब केलेत. आरएक्स १०० मध्ये ताकद जेमतेम ११ अश्वशक्ती. तिची सगळी मजा त्या हलकेपणात आणि झटक्यात. तिच्या पायात एवढा जड बूट घालायचा आणि वर "आता पहिल्यासारखी पळत नाही" म्हणून कार्ब्युरेटरवाल्याला शिव्या घालायच्या. शिवाय मागची बाजू २० मिलिमीटर उचलली गेली, म्हणजे पुढच्या फोर्कचा कोनही थोडा बदलला. पुढचं चाक १७ चं लावलंत तर तो आणखी बदलतो. सरळ रस्त्यावर हँडल हलकं आणि चंचल का वाटतंय, ह्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

मुद्दा नुसत्या पिकअपचा असता तर मी एवढं भांडलो नसतो. आमच्या टीममधल्या एका मुलाने वडिलांच्या गाडीला असाच जाड टायर चढवला. बायकोला मागे बसवून ताम्हिणीला जाऊन आला, दोनदा. तिसऱ्या वेळी निघायच्या आधी पंक्चर काढायला चाक खोललं, तर पंक्चरवाल्याने टायरची डावी बाजू दाखवली. दोघांच्या वजनाने गाडी दबली की टायर चेनकव्हरला घासत होता, आणि घासून घासून आतले धागे दिसायला लागले होते. एकटा चालवताना बोटभर जागा दिसायची, म्हणून त्याला कळलंच नाही. घाटाच्या उतारावर मागचा टायर फुटला असता तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही.

ॲलॉयचं तसंच. लोकांना वाटतं ॲलॉय म्हणजे स्पोकच्या चाकाची पुढची आवृत्ती. चांगल्या ॲलॉयचा फायदा आहेच : ट्यूबलेस टायर लावता येतो, आणि पंक्चर झाल्यावर हवा एकदम न जाता हळूहळू जाते. पण ते चाक त्याच गाडीसाठी, तेवढ्या वजनासाठी बनवलेलं हवं. बाजारात जे बेनामी, चकचकीत ॲलॉय मिळतात त्यांचं ओतकाम कसं आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. खड्ड्यात आपटल्यावर स्पोकचं चाक वाकतं. मिस्त्री स्पोक ओढून त्याचा आउट काढतो, गाडी पुन्हा रस्त्यावर. खराब ॲलॉय तडकतं, आणि तडकायच्या आधी निरोप पाठवत नाही. दुसऱ्या मॉडेलचं चाक बसवायचं तर अ‍ॅक्सल वेगळा, बुश वेगळे, ब्रेक वेगळा, आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत येईलच असं नाही. मग लेथवर एक बुश कातून "जुगाड" होतो. ऑफिसात कोणी जुन्या सिस्टिममध्ये न बघता एक लायब्ररी बदलली तर आपण त्याला रिव्ह्यूमध्ये उभा-आडवा घेतो. इथे मात्र पिलियनसकट थेट प्रॉडक्शनला!

आता तुम्ही म्हणाल, "कंपन्या स्वतः नाही का बदलत?" बदलतात की. आपल्या पुण्याच्याच पल्सरचं घ्या. २००१ मध्ये ती १८ इंची स्पोकच्या चाकांवर आली. २००४-०५ च्या सुमारास तिला १७ इंची ॲलॉय मिळाली. पण त्याबरोबर मागचे शॉक गॅसवाले झाले, गाडीची उंचीही १०-१२ मिलिमीटरने कमी झाली. म्हणजे सगळा संच एकत्र बदलला आणि तपासला. फक्त दिसतं भारी म्हणून चाक बदललं नाही.

आणि जाड टायरशिवाय गाडी स्थिर राहत नाही म्हणणाऱ्यांनी जुनी स्टँडर्ड बुलेट बघावी. पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१९. साडेतीनशे सीसी, दीडशे किलोंहून जास्त वजन, आणि टायर सव्वातीन इंची. त्यावर लष्कराने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं नोकरी केली, लोक लडाखला जाऊन आले. आणि आपल्या ११ अश्वशक्तीला लागतात चार इंच!

कायद्याचंही थोडं सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. टायर एक नंबर वाढवला म्हणून कोणी तुमच्या मागे धावणार नाही, खरंय. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो गाडीकडे प्रेमाने बघत नाही.

ह्याचा अर्थ मी "सगळं ओरिजिनल" म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींच्या बाजूचा आहे असं समजू नका. तिकडेही आनंदच आहे. गाडीबरोबर आलेला कंपनीचा टायर, गोट्या अजून शाबूत, म्हणून पंधरा-वीस वर्षं जपून ठेवणारे महाभाग आहेत. आरएक्स १०० बनणं १९९६ मध्ये थांबलं, म्हणजे त्यातली सर्वात तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या घरात आहे. तिचा मूळ टायर दिसायला काळाभोर असला तरी रबर कधीच लाकूड झालेलं असतं. पहिल्या पावसात सिग्नलला ब्रेक मारला की कळतं. दुचाकीच्या टायरला कायद्याने किमान ०.८ मिलिमीटर खोलीची नक्षी लागते, पण रबराचं वय कायदा विचारत नाही, ते आपण विचारायचं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की संशय घ्यायला लागा.

मग करायचं काय? सर्वात मोठं अपग्रेड सर्वात कंटाळवाणं आहे : त्याच मापाचा, ताज्या तारखेचा, चांगल्या कंपनीचा टायर, सोबत नवी ट्यूब आणि नवी रिमपट्टी. चाकाचा आउट काढून घ्या, गंजलेले स्पोक बदला, बेअरिंग आणि लायनर बघा. थोडा भरीव टायर हवाच असेल तर २.७५ च्या जागी ३.०० लावा. परीघ फक्त दोन टक्क्यांनी वाढतो, पण आधी रिमची रुंदी टायर कंपनीच्या तक्त्यात बघा आणि दोघं बसून चेनकव्हरपाशी जागा मोजा. रिम आवडत नाही? मूळ हबवर त्याच मापाची चांगली ॲल्युमिनियमची रिम बांधून घ्या. हलकी असते, दिसतेही झकास. आणि पूर्ण प्रोजेक्टच करायचा असेल तर जरूर करा, पण रिम, स्प्रॉकेट, ब्रेक, कागदपत्रं सगळं धरून करा. नुसता टायर चढवून त्याला "रिस्टोरेशन" म्हणू नका.

असो. पटलं नसेल तर खुशाल भांडायला या. फक्त येण्याआधी पार्किंगमध्ये जाऊन आपल्या मागच्या टायरवरचे ते चार आकडे वाचून या.